क्रिस्ट नोव्होसेलिच : बास-वादनापासून निवडणूक-सुधारणेपर्यंत

१. विषयप्रवेश

लोकप्रिय कलावंत राजकारणात उतरल्याची उदाहरणे भारतीय वाचकाला नवीन नाहीत. चित्रपटाच्या पडद्यावर मिळविलेल्या कीर्तीच्या बळावर मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेले नट दक्षिणेकडील राज्यांनी पाहिले आहेत. दुसऱ्या बाजूला, एखाद्या प्रश्नापुरते सभेत गाऊन वा पत्रकावर सही करून पुन्हा आपल्या कलेकडे वळणारे कलावंत सर्वच देशांत आढळतात. पहिल्या प्रकारात कलावंत सत्तेच्या पदावर दृष्टी ठेवतो, दुसऱ्यात तो एखाद्या चळवळीला आपले नाव उसने देतो. ह्या दोहोंहून निराळा असा एक तिसरा प्रकार मात्र विरळा होय. त्यात कलावंत राज्ययंत्रणेच्या एखाद्या दुर्लक्षित अंगाचा वर्षानुवर्षे अभ्यास करतो आणि त्याच एका अंगाच्या सुधारणेस आपला काळ वाहतो. अमेरिकेतील ‘निर्वाणा’ ह्या रॉक बँडचे बास-वादक क्रिस्ट नोव्होसेलिच हे ह्या तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे.

नोव्होसेलिच ह्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर त्यात तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. प्रथम त्यांच्यापुढे उच्चार-स्वातंत्र्याचा प्रश्न आला. त्या प्रश्नाने त्यांना कायदेमंडळाच्या दारापर्यंत नेले आणि तेथे प्रतिनिधित्वाचा प्रश्न उभा राहिला. शेवटी प्रतिनिधित्वाचा शोध घेता घेता ते मतांच्या मोजणीपाशी येऊन थांबले. ह्या तिसऱ्या पायरीचा भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, राजकीय विचाराशी जवळचा संबंध आहे. त्यामुळे हे चरित्र येथील राज्यशास्त्राच्या अभ्यासकालाही विचारात घेण्यासारखे वाटेल.

२. पूर्वायुष्य आणि संगीत

क्रिस्ट नोव्होसेलिच ह्यांचा जन्म १६ मे १९६५ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील कॉम्प्टन येथे झाला. त्यांचे आईवडील त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील क्रोएशिया प्रांतातून अमेरिकेत आलेले होते. १९७९ साली हे कुटुंब वॉशिंग्टन राज्यातील ॲबरडीन ह्या गावी राहावयास गेले. लाकूडतोडीच्या धंद्यावर वाढलेले आणि त्या धंद्याच्या उतरत्या काळात बेकारीने ग्रासलेले असे हे पावसाळी गाव होते. नव्या गावात मुलाचे मन रमेना, म्हणून १९८० साली आईवडिलांनी त्याला ॲड्रियाटिक समुद्राच्या काठावरील झादर ह्या शहरी नातलगांकडे पाठविले. तेथे तो सुमारे एक वर्ष राहिला. मातृभाषेप्रमाणे क्रोएशियन बोलता येणे, युरोपातील पंक संगीताची ओळख होणे आणि एकपक्षीय समाजवादी राज्यातील दैनंदिन जीवन जवळून पाहणे, हे सारे त्या एका वर्षात त्याच्या पदरी पडले. पुढे १९९१ साली युगोस्लाव्हियात युद्ध भडकले आणि झादरवर तोफगोळे पडू लागले, तेव्हा त्या बातम्या त्यांना परक्या वाटल्या नाहीत, ह्याचे मूळ ह्या वास्तव्यात आहे.

ॲबरडीनला परतल्यावर कर्ट कोबेन ह्या तरुणाशी त्यांचा स्नेह जमला. दोघांनी १९८७ साली जो बँड उभा केला त्यास ‘निर्वाणा’ हे नाव मिळाले. आरंभीच्या काळात नोव्होसेलिच ह्यांच्या आईच्या केशभूषेच्या दुकानावरील मजल्यावर सराव चाले. १९८९ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या ‘ब्लीच’ ह्या ध्वनिमुद्रिकेच्या मुद्रणास अवघा ६०६ डॉलरच्या आसपास खर्च आला होता. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. जानेवारी १९९२ मध्ये तिने मायकेल जॅक्सनच्या ध्वनिमुद्रिकेस मागे सारून अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिले स्थान पटकावले. गावकुसाबाहेरचे म्हणून ओळखले जाणारे संगीत एका हिवाळ्यात मुख्य प्रवाहात आले. सिॲटल आणि त्याच्या परिसरातील ह्या संगीताला ‘ग्रंज’ असे नाव पडले.

बास गिटार हे वाद्य श्रोत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गायक व मुख्य गिटारवादक ह्यांच्या मागे राहून ताल आणि स्वर ह्यांना जोडणारा पाया सांभाळणे, हे बास-वादकाचे काम. बँडमधील नोव्होसेलिच ह्यांचे स्थान असेच होते. गीतरचना मुख्यतः कोबेन ह्यांची असे आणि प्रसिद्धीचा झोतही त्यांच्यावरच राही. ५ एप्रिल १९९४ रोजी कोबेन ह्यांनी सिॲटलमध्ये आत्महत्या केली आणि बँड संपुष्टात आला. तेव्हा नोव्होसेलिच एकोणतीस वर्षांचेही नव्हते. त्यानंतर त्यांनी ‘स्वीट ७५’, ‘आइज अड्रिफ्ट’, ‘जायंट्स इन द ट्रीज’ ह्या बँडांत वादन केले. २०१४ साली ‘निर्वाणा’चा समावेश ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ मध्ये झाला. तथापि १९९४ नंतर त्यांच्या आयुष्याचा मुख्य धागा संगीतेतर कार्यात गुंतत गेला.

३. उच्चार-स्वातंत्र्याचा प्रश्न

ह्या कार्याचा आरंभ ‘निर्वाणा’च्या भरभराटीच्या काळातच झाला होता. १९९२ साली वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा संमत केला. अल्पवयीनांसाठी अयोग्य अशा मजकुराविषयी जो कायदा पूर्वीपासून होता, त्याच्या कक्षेत ध्वनिमुद्रणे आणणे हा त्याचा हेतू होता. न्यायालयाने एखादी ध्वनिमुद्रिका ‘कामोद्दीपक’ ठरविली की तीवर ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी चिठ्ठी लावणे बंधनकारक होई आणि ती अल्पवयीनास विकणारा दुकानदार शिक्षेस पात्र ठरे. राज्यातील संगीत व्यवसायाने एकत्र येऊन ह्या कायद्याविरुद्ध मोहीम उभारली. तिच्या साहाय्यार्थ ११ सप्टेंबर १९९२ रोजी सिॲटल येथे ‘निर्वाणा’चा कार्यक्रम झाला. त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या ऑरिगन राज्यात, समलिंगी नागरिकांच्या हक्कांवर घाला घालणाऱ्या एका सार्वमत-प्रस्तावाच्या विरोधात ह्याच बँडने पोर्टलंड येथे वादन केले होते. तो प्रस्ताव त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी फेटाळला. ध्वनिमुद्रणविषयक कायदा १९९४ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. तो खटला अमेरिकन विधि-साहित्यात सिॲटलच्याच ‘साउंडगार्डन’ ह्या बँडच्या नावाने ओळखला जातो.

१९९३ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळील ‘काऊ पॅलेस’ ह्या सभागृहात बोस्नियातील युद्धात बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रियांच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, त्यामागे नोव्होसेलिच ह्यांचीच प्रेरणा होती. जमा झालेला निधी झाग्रेब येथील ‘त्रेश्नेव्हका’ ह्या महिला-गटाला द्यावयाचा होता. तोवर ते आपले नाव ‘क्रिस’ असे अमेरिकन वळणाने लिहीत. ह्याच सुमारास त्यांनी ‘क्रिस्ट’ हे मूळचे क्रोएशियन रूप पुन्हा स्वीकारले.

येथवरचे कार्य कलावंतांच्या परिचित चाकोरीतीलच आहे. कार्यक्रम करावा, निधी जमवावा आणि निर्णय न्यायालयावर अथवा मतदारांवर सोपवावा, असे त्याचे स्वरूप होते. १९९५ साली त्यास वेगळे वळण मिळाले. त्या वर्षी नोव्होसेलिच ह्यांनी ‘जॅमपॅक’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी, कलावंत व संगीत-व्यावसायिक ह्यांची राजकीय कृती समिती स्थापन केली. विधिमंडळात विधेयक मांडले जाताच त्याचा मागोवा घेणे, समित्यांपुढे साक्ष देणे, उमेदवारांची मते अजमावून त्यांना पाठिंबा देणे वा नाकारणे, अशी कामे ह्या संस्थेने अंगावर घेतली.

सिॲटल शहराच्या ‘टीन डान्स ऑर्डिनन्स’ ह्या नियमाविरुद्धचा लढा हे जॅमपॅकचे प्रमुख कार्य म्हणावे लागेल. १९८५ साली झालेल्या ह्या नियमाने किशोरवयीनांसाठी नृत्य-संगीताचा कार्यक्रम भरविणाऱ्यास दहा लाख डॉलरचा दायित्व-विमा आणि कर्तव्यावर नसलेल्या पोलिसांची नेमणूक ह्या अटी घातल्या होत्या. नियमात बंदी हा शब्द नव्हता. पण त्या अटी पुऱ्या करणे लहान आयोजकाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने परिणाम बंदीचाच झाला. ज्या शहराचे संगीत जगभर गाजत होते, त्याच शहरातील पंधरासोळा वर्षांच्या मुलांना ते प्रत्यक्ष ऐकण्याची सोय जवळजवळ उरली नाही. २००० साली नगरपरिषदेने पर्यायी नियम संमत केला, परंतु महापौर पॉल शेल ह्यांनी तो नाकारला. अखेर २००२ साली महापौर ग्रेग निकल्स ह्यांच्या काळात नवा नियम अमलात आला. सतरा वर्षांनी मिळालेले हे यश सभांपेक्षा नगरपरिषदेतील बहुमत जमविण्याच्या चिकाटीचे फळ होते.

दरम्यान १९९९ च्या अखेरीस सिॲटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली आणि शहराच्या मध्यभागात संचारबंदी पुकारण्यात आली. त्या निमित्ताने जेलो बियाफ्रा, किम थाइल आणि जीना मेनवॉल ह्यांच्यासह नोव्होसेलिच ह्यांनी एक तात्पुरता बँड उभारला व १ डिसेंबर १९९९ रोजी कार्यक्रम केला. त्याचे ध्वनिमुद्रण पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. परंतु निषेधाच्या ह्या मार्गावर ते रेंगाळले नाहीत.

४. प्रतिनिधित्वाचा प्रश्न

विधिमंडळाशी संबंध येऊ लागल्यावर नोव्होसेलिच ह्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या प्रतिनिधींना भेटून ते आपली बाजू मांडत होते, त्यांतील बहुतेकांना निवडणुकीत हरण्याची भीतीच नव्हती. मतदारसंघांच्या सीमा अशा आखलेल्या असत की जागा कोणत्या पक्षाची हे मतदानापूर्वीच ठरल्यासारखे असे. काही ठिकाणी तर विरोधी उमेदवारही उभा राहत नसे. अशा प्रतिनिधीला मतदाराचे म्हणणे ऐकण्याची निकड कोठून वाटणार? तेव्हा एखादे वाईट विधेयक हाणून पाडणे हा रोगाच्या लक्षणावरील उपचार झाला. रोगाचे मूळ निवडणुकीच्या पद्धतीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑफ ग्रंज अँड गव्हर्नमेंट’ ह्या छोट्या पुस्तकात आत्मकथन आणि हा युक्तिवाद ह्यांची सांगड घातलेली आहे. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याच्या उप-गव्हर्नरपदाची निवडणूक लढविण्याचा विचार त्यांनी केला होता, पण अखेर तो सोडून दिला. पदाचा मार्ग सोडून पद्धतीचा मार्ग धरल्याची ही खूण मानता येईल.

ह्या पुस्तकातील विचाराचे सार समजण्यासाठी एक साधे गणित पाहू. समजा, एका प्रदेशात तीन लाख मतदार असून तीन जागा भरावयाच्या आहेत. त्यांपैकी तीस टक्के, म्हणजे नव्वद हजार मतदार एका अल्पसंख्य मताचे आहेत आणि ते प्रदेशात सर्वत्र सारखे विखुरलेले आहेत. प्रदेशाचे तीन एकसदस्यीय मतदारसंघ केल्यास प्रत्येकात ह्या मताचे तीस हजार व विरुद्ध मताचे सत्तर हजार मतदार राहतील. निकाल तीन विरुद्ध शून्य असा लागेल. नव्वद हजार नागरिकांनी मतदान केले, पण सभागृहात त्यांचा एकही प्रतिनिधी गेला नाही.

आता हाच प्रदेश एकच त्रिसदस्यीय मतदारसंघ मानावा आणि मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहावेत. एकूण मतांना जागांपेक्षा एकाने अधिक अशा संख्येने, म्हणजे चाराने भागून त्यात एक मिळविला असता ७५,००१ हा निवडून येण्याचा किमान कोटा ठरतो. नव्वद हजारांचा गट हा कोटा सहज ओलांडतो व त्याला एक जागा मिळते, उरलेल्या दोन बहुसंख्यांकडे जातात. निवडून आलेल्या उमेदवाराची कोट्यावरील जादा मते आणि तळाच्या उमेदवाराची मते पुढील पसंतीकडे सरकत असल्याने मत वाया जाण्याचा संभव फार थोडा राहतो. ह्या पद्धतीस एकल संक्रमणीय मतपद्धती असे म्हणतात.

अमेरिकेत ही पद्धती अपरिचित नव्हती. ओहायो राज्यातील ॲश्टाब्यूला ह्या नगराने १९१५ साली तिचा प्रथम वापर केला. सिनसिनाटी येथे ती १९२५ ते १९५७ पर्यंत चालली. न्यूयॉर्क नगरपरिषदेने तिचा १९३७ पासून सुमारे दहा वर्षे अवलंब केला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज नगरात ती १९४१ पासून चालत आलेली आहे. इतरत्र मात्र तिचा त्याग झाला, आणि त्याचे एक कारण ती आपले काम चोख बजावत होती हेच होय. न्यूयॉर्कमध्ये साम्यवादी आणि सिनसिनाटीत कृष्णवर्णीय उमेदवार निवडून येऊ लागले, तेव्हा प्रस्थापितांना ती नकोशी झाली. १९६७ च्या संघीय कायद्याने तर राष्ट्रीय प्रतिनिधिगृहासाठी एकसदस्यीय मतदारसंघच सक्तीचे केले.

५. मोजणीपाशी

ह्या विस्मृत परंपरेचे पुनरुज्जीवन करण्यासाठी १९९२ साली जी संस्था स्थापन झाली ती आज ‘फेअरव्होट’ ह्या नावाने ओळखली जाते. १९८० साली अपक्ष म्हणून अध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले जॉन अँडरसन हे दीर्घकाळ तिचे अध्यक्ष होते. नोव्होसेलिच २००५ साली तिच्या नियामक मंडळावर आले आणि २००८ साली अँडरसन ह्यांच्यानंतर अध्यक्ष झाले. पुढे अनेक वर्षे त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. विधिमंडळांच्या समित्या, नगरांच्या सनद-समित्या, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे ह्यांच्यापुढे मतमोजणीसारखा रुक्ष विषय मांडीत फिरणे हे ह्या कामाचे स्वरूप. एका प्रसिद्ध बँडचे नाव पाठीशी असल्याने श्रोते मिळत. परंतु पुढचे काम कोटा, फेऱ्या आणि पसंतीक्रम समजावून सांगण्याचेच असे.

राष्ट्रीय पातळीवरील ह्या कामाबरोबरच त्यांनी स्थानिक पातळीवरही मुळे रोवली. कोलंबिया नदीच्या मुखाजवळील वाहकायकम ह्या सुमारे चार हजार वस्तीच्या काउंटीत ते शेती घेऊन राहिले. तेथे त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक कार्यात भाग घेतला आणि ग्रेज रिव्हर येथील ‘ग्रेंज’चे प्रमुखपद सांभाळले. ग्रेंज ही १८६७ साली स्थापन झालेली शेतकऱ्यांची बंधुसंस्था असून स्त्रियांना आरंभापासून बरोबरीचे सभासदत्व देणाऱ्या अमेरिकन संस्थांत तिची गणना होते. लहान गावातील सभागृहाची डागडुजी, सहभोजने आणि सभा ह्यांतून नागरिकांना एकत्र ठेवणाऱ्या अशा संघटना लोकशाहीचा पाया आहेत, असे नोव्होसेलिच आग्रहाने मांडत आले आहेत.

संघटना-स्वातंत्र्याच्या ह्याच आग्रहातून त्यांचा एक विलक्षण निषेध जन्मास आला. वॉशिंग्टन राज्यात १९३५ पासून कोणत्याही मतदाराने कोणत्याही पक्षाच्या उमेदवारास प्राथमिक फेरीत मत देण्याची मुभा होती. पक्षांच्या संघटना-स्वातंत्र्यावर हे आक्रमण ठरते म्हणून संघीय न्यायालयाने २००३ साली ती पद्धत रद्द केली. तेव्हा राज्य-ग्रेंजच्या पुढाकाराने २००४ साली मतदारांनी नवी पद्धत स्वीकारली. तीनुसार प्राथमिक फेरीत सर्व उमेदवार एकत्र उभे राहतात व पहिले दोन अंतिम फेरीत जातात. मतपत्रिकेवर उमेदवार ‘अमुक पक्ष पसंत आहे’ असे स्वतःच लिहितो, त्यास पक्षाच्या संमतीची गरज नाही. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरविली. पक्ष हा नागरिकांचा ऐच्छिक संघ असताना त्याचे नाव कोणीही वापरावे हे नोव्होसेलिच ह्यांना मान्य नव्हते. २००९ साली काउंटीच्या लेखनिकपदासाठी नाव नोंदविताना त्यांनी ‘ग्रेंज पक्ष पसंत’ असे लिहिले. असा पक्ष अस्तित्वातच नव्हता. ज्या संस्थेने ही पद्धत आणली तिच्याच नावाने, आणि तिच्याच एका स्थानिक प्रमुखाने, त्या पद्धतीतील विसंगती उघड करावी, हा प्रकार अर्थपूर्ण होता. पद मिळविणे हा त्यामागील हेतू नव्हता.

सुधारणेच्या वाटचालीत अपयशही भरपूर आले. वॉशिंग्टन राज्यातीलच पिअर्स काउंटीने २००६ साली पसंतीक्रम मतदान स्वीकारले, २००८ साली वापरले आणि २००९ साली मतदारांनीच ते रद्द केले. खर्च वाढला, मोजणी लांबली आणि दोन निराळ्या पद्धती एकाच वेळी चालविल्याने मतदार गोंधळले, अशी त्याची कारणे दिली जातात. पुढे मेन राज्याने २०१६ साली आणि अलास्काने २०२० साली ही पद्धत सार्वमताने स्वीकारली. सिॲटल शहरानेही २०२२ साली आपल्या प्राथमिक निवडणुकांसाठी तिला संमती दिली. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑरिगन, आयडाहो, कॉलोराडो आणि नेवाडा ह्या राज्यांतील मतदारांनी तसे प्रस्ताव नाकारले, तर अलास्कातील ती पद्धत अगदी निसटत्या मताने टिकली. ह्याच २०२४ साली नोव्होसेलिच ह्यांनी दोन्ही मोठ्या पक्षांपासून अलग अशा ‘कॅस्केड पक्ष’ ह्या राज्यपातळीवरील पक्षाच्या उभारणीत पुढाकार घेतला.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एका जागेसाठी पसंतीक्रम लिहिला तर विजेत्यास बहुमताचा आधार मिळतो आणि मतविभागणीचा दोष टळतो. पण अल्पसंख्य मताला प्रतिनिधित्व मिळत नाही, कारण जागाच एक असते. ते मिळण्यास बहुसदस्यीय मतदारसंघ हवेत. अमेरिकेत आजवर जे यश मिळाले ते मुख्यत्वे पहिल्या, सोप्या भागात आहे. राष्ट्रीय प्रतिनिधिगृहासाठी बहुसदस्यीय मतदारसंघ सुचविणारे विधेयक २०१७ साली प्रथम मांडले गेले. त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. नोव्होसेलिच ह्यांचा मूळ प्रश्न, म्हणजे विखुरलेल्या नव्वद हजारांचा प्रश्न, अद्याप अनुत्तरितच आहे.

६. भारतीय संदर्भ

हा प्रश्न महाराष्ट्राला अनोळखी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी तो फार पूर्वी आणि अधिक तीव्र परिस्थितीत हाताळला होता. राखीव जागेवर निवडून आलेला प्रतिनिधी बहुसंख्यांच्या मतांवर अवलंबून राहिला तर तो अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कसा ठरेल, ही त्यांची चिंता होती. ह्यासाठी त्यांनी संचयी मतपद्धतीचा पुरस्कार केला. तीत जितक्या जागा तितकी मते मतदाराजवळ असतात व ती सर्व एकाच उमेदवारास देता येतात. वरील उदाहरणातील नव्वद हजार मतदारांनी आपली प्रत्येकी तीन मते एकाच उमेदवारावर एकवटली तर त्याला २,७०,००० मते पडतात. दोन लाख दहा हजार बहुसंख्यांनी आपली मते तीन उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकाला २,१०,००० च मिळतात. अर्थात एक जागा अल्पसंख्यांकडे जातेच. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातील बहुसदस्यीय मतदारसंघांत ही पद्धती प्रत्यक्ष वापरली गेली. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठीही १८७० ते १९८० ह्या काळात ती रूढ होती.

स्वातंत्र्यानंतर भारतातील लोकसभा व विधानसभा ह्यांसाठी हा मार्ग सोडून देण्यात आला. आरंभीच्या द्विसदस्यीय मतदारसंघांत एका उमेदवारास दोन मते देण्याची मुभा नव्हती आणि १९६१ च्या कायद्याने ते मतदारसंघही संपुष्टात आले. १९५५ साली लिहिलेल्या भाषावार राज्यांविषयीच्या निबंधात आंबेडकरांनी दोन वा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान ह्यांची मागणी पुन्हा केली होती. भाषेच्या आधारावर राज्य झाले की त्यात एखाद्या मोठ्या जातीचे वर्चस्व होण्याचा धोका असतो, आणि त्यापासून लहान समाजांचे संरक्षण ह्या उपायाने होईल, असा त्यांचा विचार होता. नोव्होसेलिच ह्यांच्या देशातील प्रश्न पक्षीय मतांचा आहे, आंबेडकरांचा प्रश्न जन्मसिद्ध सामाजिक बहिष्काराचा होता. ह्या दोहोंचे गांभीर्य सारखे नाही. तथापि केवळ मताधिकार मिळाल्याने प्रतिनिधित्व मिळत नाही, मते कशी मोजली जातात ह्यावर ते ठरते, हे दोघांच्या विवेचनातील समान सूत्र आहे.

पसंतीक्रमाची मतपत्रिकाही येथे नित्याची आहे. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुका एकल संक्रमणीय मतपद्धतीने होतात. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तीच पद्धती आहे आणि १९६९ साली व्ही. व्ही. गिरी ह्यांचा विजय दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच निश्चित झाला होता. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत तर विद्यापीठीय वर्गातील अनेकांनी १, २, ३ असे आकडे स्वतः लिहिलेले असतील. म्हणजे अमेरिकेत ज्या मतपत्रिकेसाठी एका बास-वादकाने तारुण्यानंतरची वर्षे खर्ची घातली, ती भारतात काही मर्यादित क्षेत्रांत विनासायास हाती पडते.

७. समारोप

नोव्होसेलिच ह्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. एक तर त्यांनी पुरस्कारिलेल्या सुधारणांचा मूळ भाग अमेरिकेत रुजलेला नाही. दुसरे असे की, फेअरव्होटच्या वाटचालीचे श्रेय अनेक कार्यकर्त्यांना व अभ्यासकांना जाते. एका प्रसिद्ध व्यक्तीच्या नावावर ते सारे घालणे अन्यायाचे होईल. ह्या मर्यादा मान्य करूनही त्यांच्या वाटचालीचे महत्त्व कमी होत नाही. एका कायद्याविरुद्धचा राग त्यांना कायदा करणाऱ्यांच्या निवडीपर्यंत, आणि तेथून निवडीच्या पद्धतीपर्यंत घेऊन गेला. प्रत्येक पायरीवर विषय अधिक रुक्ष, श्रोते अधिक थोडे आणि यश अधिक दूरचे होत गेले, तरी ते मागे फिरले नाहीत.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्यातून एक अभ्यासविषयही हाती लागतो. महाराष्ट्रातील पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतील मतदार पहिल्या पसंतीनंतर पुढील पसंती लिहितात काय, अवैध मतांचे प्रमाण किती राहते, आणि अखेरच्या फेरीपर्यंत किती मते गळतात, ह्यांची पद्धतशीर नोंद झाली तर ती पसंतीक्रम मतदानाविषयीच्या जागतिक चर्चेत उपयोगी पडेल. ह्या मोजणीची आकडेवारी निवडणूक-यंत्रणेकडे प्रत्येक निवडणुकीनंतर तयार होतच असते. ती एकत्र करून तपासण्याचे काम तेवढे व्हावयास हवे.